नव्या बायोटेक कंपनीने बड्या औषध कंपनीशी लवकर करार करावा का?

प्रयोगशील
एखाद्या नव्या बायोटेक कंपनीने बड्या औषध कंपनीशी करार केला की बातमीत डॉलरचा डोळे दिपवणारा आकडा झळकतो. त्यातला लगेच हाती पडणारा भाग बहुधा थोडा असतो, कारण उरलेली रक्कम चाचण्या, मंजुरी आणि विक्रीच्या टप्प्यांना बांधलेली असते आणि बहुतेक रेणू (म्हणजे होऊ घातलेली औषधे) तिथवर पोहोचतच नाहीत. माझे मत असे की, औषध माणसांवर काम करते याचा पहिला पुरावा मिळेपर्यंत मुख्य रेणूचे जागतिक हक्क देऊ नयेत. त्याआधी समोरचा पक्ष सगळी जोखीम किमतीतून वजा करतो, आणि वाटाघाटी लांबल्या तरी त्याचे काही बिघडत नाही. आपली शिल्लक मात्र दरमहा आटत असते.

जुनाजाणता
त्या पुराव्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च कोणी करायचा, हे आपण सांगितलेच नाही. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या जेनेन्टेक या अमेरिकी बायोटेक कंपनीने १९७८ मध्येच मानवी इन्शुलिनसाठी एली लिली या बड्या औषध कंपनीशी करार केला. १९८२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, विक्री लिलीने केली आणि जेनेन्टेकच्या वाट्याला रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ठरलेला हिस्सा, आली. आपल्या निकषाने हा घाईचा सौदाच. पण पुढे १९८५ मध्ये त्याच कंपनीने वाढीचे संप्रेरक स्वतःच्या नावाने बाजारात आणले; म्हणजे लवकर करार केला म्हणून तिची वाट बंद झाली नाही.

कलमबहाद्दर
आपण दोघे ‘केव्हा’ यावर वाद घालत आहात; खरी मेख मसुद्यात असते. अलेक्सियन या औषध कंपनीने २०१८ मध्ये सिंटिम्यून ही छोटी कंपनी ४० कोटी डॉलरला घेतली आणि पुढील टप्प्यांवर आणखी ८० कोटींपर्यंत देण्याचे मान्य केले. नंतर तिने त्या औषधाचे काम थांबवले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि औषध पुढे नेण्यासाठी पुरेसे प्रयत्न करण्याची अट अलेक्सियनने मोडली, असा निकाल अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. त्या करारात प्रयत्नांचे माप अलेक्सियनच्या मर्जीवर सोडलेले नव्हते, तर तशाच इतर कंपन्या काय करतात यावर बेतलेले होते. ‘वाजवी प्रयत्न’ एवढेच मोघम लिहून सह्या करणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

प्रयोगशील
तिथे दावा लावणारे सिंटिम्यूनचे भागधारक कंपनी विकून मोकळे झाले होते. केवळ लायसन्स (औषध विकसित करण्याचा व विकण्याचा परवाना) दिलेल्या आणि अजून स्वतः चालू असलेल्या कंपनीला आपल्या एकमेव भागीदाराशी वर्षानुवर्षे खटला लढणे परवडेल का? एमिलिन या बायोटेक कंपनीने मधुमेहावरील एक्झेनाटाइड या आपल्या औषधासाठी २००२ मध्ये लिलीशी हातमिळवणी केली. २०११ मध्ये लिलीने मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधासाठी बोहरिंगर इंगेलहाइम या दुसऱ्या औषध कंपनीची साथ धरली. एमिलिनने लिलीवर दावा लावला, त्याच वर्षी फारकत ठरली, आणि स्वतःच्याच औषधाचे हक्क परत घेण्यासाठी एमिलिनला २५ कोटी डॉलर आगाऊ मोजावे लागले, शिवाय पुढील उत्पन्नात वाटा द्यावा लागला तो वेगळाच.

जुनाजाणता
उदाहरण आपलेच, पण साक्ष माझ्या बाजूने देते. तो करार झाला तेव्हा एक्झेनाटाइड तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मंजुरीआधी माणसांवर होणाऱ्या मोठ्या चाचण्यांत होते. आपण सुचवता तेवढी, किंबहुना त्याहून अधिक, वाट पाहूनही कंपनी त्याच कात्रीत सापडली.

प्रयोगशील
मान्य, पुरावा हाती असला म्हणून भागीदार इमानी राहतो असे नाही. पण अशा कंपनीला २५ कोटी मोजण्याची ऐपत तरी असते. प्राण्यांवरील चाचण्यांतच रेणू देऊन बसलेल्या कंपनीला तो परत मागायलाही पैसे उरत नाहीत.

कलमबहाद्दर
म्हणूनच परतीचे कलम आधी लिहून घ्यावे. नुसते ‘हक्क परत मिळतील’ हे वाक्य पुरत नाही. चाचण्यांची संपूर्ण माहिती, नियामकाकडे सादर केलेली कागदपत्रे, तयार औषधाचा साठा आणि उत्पादनाची पद्धत हे सारे ठरावीक मुदतीत सोपवले जाईल, असे लिहिलेले असावे. नाहीतर रेणू परत येतो आणि त्याच्यावरचे निम्मे काम दुसऱ्याच्या कपाटात राहते. सही होण्यापूर्वी समोरचा उत्साहात असतो, तेव्हा ही मागणी त्याला फारशी खटकत नाही. बहुतेक संस्थापक मात्र तेव्हा रॉयल्टीच्या अर्ध्या टक्क्यावर अडून बसलेले असतात.