ड्रमचा ठेका एकसुरी वाटतो. नेमके काय बदलावे?

प्रश्न
गेले काही महिने मी संगणकावर बीट रचण्याचा सराव करीत आहे. एका आवर्तनात १६ घरे, गती ९० बीपीएम (मिनिटाला ९० मात्रा), किक (मोठा, खर्जातला ड्रम) १ व ९ या घरांवर, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) ५ व १३ वर आणि बंद हाय-हॅट (झांजांची जोडी) प्रत्येक विषम घरावर, अशी माझी नेहमीची मांडणी असते. ठेका चुकत नाही, पण चार आवर्तनांत मलाच त्याचा कंटाळा येतो. म्हणून टाळी, शेकर, काऊबेल असे आवाज वाढवत गेलो, तर नुसता गजबजाट झाला. स्विंग (ठरावीक घरे किंचित उशिरा वाजवण्याची सोय) ६० टक्क्यांपर्यंत नेऊन पाहिला, तरी तसूभरही फरक ऐकू आला नाही. दोष कुठे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
वाढवलेले आवाज आधी काढून टाका. किक, स्नेअर आणि हाय-हॅट या तिघांतच अजून पुष्कळ काम बाकी आहे. माउसने घरे भरली की बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक आघाताला एकच व्हेलॉसिटी, म्हणजे फटक्याचे बळ, देते आणि मिडीमध्ये (वाद्ये व संगणक यांच्यातील संकेतभाषेत) १ ते १२७ असा पल्ला हाताशी असताना सारा ठेका एकाच आकड्यावर वाजत राहतो. वादकाचा हात असा कधीच पडत नाही. हाय-हॅट १, ५, ९ व १३ या घरांवर ९५ च्या आसपास आणि मधल्या घरांवर ६० च्या आसपास ठेवा. मग ८ आणि १० या घरांवर स्नेअरचे अगदी हलके आघात घाला, ३० ते ३५ इतकेच. यांना घोस्ट नोट म्हणतात. त्या वेगळ्या ऐकू येऊ नयेत, पण बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटले पाहिजे. सॅम्पल (ध्वनिमुद्रित फटका) एकच असेल तर व्हेलॉसिटी उतरवल्याने फक्त आवाज लहान होतो, फटका तितकाच कडक राहतो. अशा वेळी त्या आघातांपुरता लो-पास फिल्टर (वरच्या पट्टीतला आवाज कापणारी गाळणी) थोडा खाली आणावा, कारण खऱ्या ड्रमवरही हलक्या फटक्याला धार कमी असते.

उत्तर २
स्विंगचे कोडे आपल्या मांडणीतच सुटते. सोळा घरांच्या स्विंगमध्ये फक्त २, ४, ६, ८ अशी घरे उशिरा सरकतात आणि आपला एकही आघात त्यांवर नाही, त्यामुळे सरकण्यासारखे काही नव्हतेच. वर सुचवलेल्या घोस्ट नोट येताच स्विंग बोलू लागेल. ९० बीपीएमला एक घर सुमारे १६७ मिलिसेकंदांचे असते. ५० टक्के म्हणजे अगदी सरळ चाल; ५७ टक्के स्विंगला ही घरे सुमारे २३ मिलिसेकंद मागे पडतात आणि ६६ च्या आसपास चाल थेट तिस्र, म्हणजे तीन-तीनच्या भागांची, होते. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम यंत्रातही ही सोय होती, आणि मला विचाराल तर ५४ ते ५८ एवढ्यातच तिची खरी गोडी आहे.

किक ९ वरून काढून ३ व ११ वर ठेवा. स्नेअर मात्र जागचा हलवू नका. ऐकणारा त्याच्या आधाराने लय धरतो, म्हणूनच किकला मोकळे फिरता येते.

उत्तर ३
हे सारे हिप-हॉप व फंकच्या अंगाने अगदी योग्य आहे. हाऊस किंवा टेक्नोमध्ये मात्र चारही मात्रांवर सारख्या बळाची किक हाच ठेक्याचा प्राण असतो. तिथे तिला हात न लावता हाय-हॅटमध्ये बदल करावेत.

कंटाळ्याचे दुसरे कारण असे, की आपण एकच आवर्तन रचून त्याच्या नकला लावत आहात. चार आवर्तने एकत्र रचा. चौथ्यात १४ व्या घरावर एक जादा किक आणि १५ व्या घरावर उघडा हाय-हॅट ठेवा. दोन्ही हाय-हॅट एकाच चोक गटात (एक वाजताच दुसरा थांबतो असा गट) असले, की पुढच्या समेवरचा बंद हाय-हॅट त्याचा आवाज तिथेच तोडतो. आठव्या आवर्तनात किक पूर्ण गाळून पाहा. आणि घरे भरण्याआधी ठेका तोंडाने म्हणून, टेबलावर बोटांनी वाजवून पाहण्याची सवय लावा, कारण जे बोटांत बसत नाही ते बहुधा कानातही बसत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आज शेकर आणि काऊबेल काढले, किक हलवली, स्विंग ५६ वर ठेवला. आधी दोन्ही घोस्ट नोट ३५ वर होत्या, तेव्हा त्याही छापल्यासारख्या वाटत होत्या. १० व्या घरावरची २६ केली आणि ठेका एकदम पुढे झुकला. तेच आवर्तन अर्धा तास ऐकत बसलो होतो.