अतिदक्षता विभागात फ्लिप्ड क्लासरूम: तयारी न करता येणाऱ्या रेसिडेंटचे काय करावे?

प्रश्न
आमच्या आयसीयूमधील रेसिडेंट डॉक्टरांना व्हेंटिलेटरचा विषय आम्ही फ्लिप्ड क्लासरूम पद्धतीने शिकवू लागलो आहोत. व्याख्यानाचा व्हिडिओ आधी पाठवायचा आणि तासाचा वेळ चर्चेला द्यायचा, अशी योजना आहे. परंतु रात्रपाळी संपवून येणारे काही जण व्हिडिओ न पाहताच बसतात, त्यांच्यासाठी तोच भाग पुन्हा सांगावा लागतो, आणि ज्यांनी तयारी केली आहे त्यांचा तास फुकट जातो. तयारीची सक्ती करावी का? आणि तासात नेमके काय करून घ्यावे?

उत्तर १
व्हिडिओतील भाग तासात पुन्हा सांगणे आधी थांबवावे, कारण तो पुन्हा सांगितला जाणार हे एकदा कळले की तयारी करणारेही पुढच्या वेळी ती करत नाहीत. लॅरी मायकेलसन यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या गटाधारित अध्ययनात यावर चांगला उपाय आहे: सुरुवातीला प्रत्येकाने छोटी चाचणी एकट्याने सोडवायची आणि लगेच तीच चाचणी गटाने चर्चा करून पुन्हा सोडवायची. तयारी न केलेल्याला आपली उणीव स्वतःच दिसते आणि ती सहकारीच भरून काढतात.

सक्तीविषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे. तासन्तास ड्यूटी केलेल्या डॉक्टरकडून झोपेच्या वेळेत व्हिडिओ पाहण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. व्हिडिओ दहा मिनिटांचा असावा आणि तो पाहण्याचा वेळ ड्यूटीच्या वेळापत्रकातच धरलेला असावा.

उत्तर २
तासात काय करावे, याचे एक उदाहरण देतो. एआरडीएस (फुफ्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन घटण्याचा गंभीर आजार) झालेला, 170 सेंटिमीटर उंचीचा आणि 95 किलो वजनाचा पुरुष रुग्ण समोर ठेवावा आणि टायडल व्हॉल्यूम, म्हणजे व्हेंटिलेटरने प्रत्येक श्वासात द्यायची हवा, किती ठेवायचा ते विचारावे. किलोमागे 6 मिलिलिटर हे बहुतेकांना पाठ असते, पण कोणते किलो, येथे मतभेद होतात. प्रत्यक्ष वजन धरले तर 570 मिलिलिटर येतात. उंची आणि लिंग यांवरून काढलेले अपेक्षित वजन सुमारे 66 किलो भरते आणि त्यानुसार सुमारे 400 मिलिलिटर. ज्या एआरडीएस नेटवर्क या संशोधन गटाच्या रुग्णांवरील चाचणीत किलोमागे 12ऐवजी 6 मिलिलिटर दिल्याने मृत्यूचे प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले (2000), तिनेही अपेक्षित वजनच वापरले होते, हे या मतभेदानंतर सांगितले की पक्के लक्षात राहते.

मग त्याच रुग्णाची अवस्था बदलावी. व्हॉल्यूम कंट्रोलवर (प्रत्येक श्वासात ठरलेली हवा देणाऱ्या पद्धतीवर) असताना अचानक अलार्म वाजतो आणि पीक प्रेशर, म्हणजे श्वास देतानाचा सर्वोच्च दाब, 45 सेंमी पाणी दिसते, पुढे काय? इन्स्पिरेटरी होल्ड देऊन (श्वास आत दिल्यावर प्रवाह क्षणभर थांबवून) प्लेटो प्रेशर, म्हणजे त्या वेळी फुफ्फुसांत असलेला दाब, पाहायचे, हे त्यांच्याकडूनच यायला हवे. ते पूर्वीइतकेच, समजा 24, असेल तर अडथळा श्वासमार्गात आहे: साचलेला कफ, दुमडलेली ट्यूब, ब्राँकोस्पाझम (श्वासनलिका आकसणे). तेही वाढले असेल तर न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साचणे) किंवा उजव्या ब्राँकसमध्ये (उजव्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या श्वासनलिकेत) सरकलेली ट्यूब शोधावी लागते. प्रत्येक गटाने आपला पुढचा निर्णय आधी लिहून द्यावा आणि मगच चर्चा सुरू करावी, अन्यथा एक वरिष्ठ रेसिडेंट बोलतो आणि इतर माना डोलावतात.

प्रश्नकर्ता
दोन्ही उत्तरांबद्दल आभार. आमच्या तुकडीत इतर विभागांतून महिनाभरासाठी आलेले कनिष्ठही असतात. त्यांना असे प्रश्न झेपतील का?

उत्तर ३
पहिल्याच आठवड्यात झेपणार नाहीत. ज्याने व्हेंटिलेटरची स्क्रीन कधी वाचलेली नाही, त्याला कितीही चांगला व्हिडिओ पाठवला तरी त्यातील आलेख परकेच राहतात. म्हणून अशांना आधी रुग्णाच्या खाटेजवळ नेऊन प्रवाह, दाब आणि आकारमान यांचे आलेख दाखवावेत आणि व्हिडिओ त्यानंतर द्यावा. चर्चेचे गट मिश्र ठेवावेत, पण निर्णय लिहिण्याचे आणि त्याचे कारण सांगण्याचे काम कनिष्ठाकडेच द्यावे, म्हणजे वरिष्ठाला आपला विचार उलगडून सांगावाच लागतो.