विषय: विकत घेतलेली गाणी घरात कोणकोण वापरू शकतं?

प्रेषक: स्मिता

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या संगीत उपसमितीकडे हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून जाणकारांनी इथेच सविस्तर लिहावं अशी विनंती. समजा, नवऱ्याच्या ॲपल खात्यातून नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं असं बरंच काही विकत घेतलं आहे. वर्गणीचं नव्हे, एकेक गाणं पैसे मोजून. ते बायकोच्या फोनवर, कॉलेजला गेलेल्या मुलीच्या लॅपटॉपवर आणि पुण्यात सासूबाईंच्या आयपॅडवर रीतसर कसं न्यायचं? आणि उद्या खातेदारच राहिला नाही, तर तो संग्रह कोणाचा?

स्मिता

प्रेषक: श्रीरंग

स्मिता,

बायको आणि मुलगी यांचं काम सहज होईल. सासूबाईंचं होणार नाही. का ते पुढे सांगतो, पण आधी फायली तपासायला हव्यात.

मॅकवर म्युझिक ॲपमध्ये गाण्यावर राइट क्लिक, 'गेट इन्फो', मग 'फाइल' हा टॅब. तिथे 'काइंड'समोर काय आहे ते वाचायचं. 'पर्चेस्ड एएसी' असेल तर ती २५६ केबीपीएसची (आकडा मोठा तितका आवाजाचा दर्जा चांगला), कुलूप नसलेली, म्हणजे वापरावर तांत्रिक बंधन नसलेली फाइल आहे. कुठल्याही प्लेअरवर वाजते. 'प्रोटेक्टेड एएसी' म्हणजे १२८ केबीपीएसची जुनी कुलूपबंद फाइल. आयट्यून्स स्टोअर हे ॲपलचं गाण्यांचं दुकान २००३ मध्ये सुरू झालं आणि २००९ मध्ये सगळी गाणी कुलपाशिवाय मिळू लागली. त्या दरम्यानच्या खरेदीत हा प्रकार सापडतो. आणि 'ॲपल म्युझिक एएसी' असेल, तर ते गाणं विकत घेतलेलंच नाही. वर्गणीवर उतरवलेलं आहे आणि वर्गणी संपली की वाजायचं थांबतं. पुष्कळ घरांत हे तिन्ही प्रकार एकाच यादीत मिसळलेले असतात. 'विकत घेतलेली गाणी नाहीशी झाली' या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा हेच निघतं.

त्याच टॅबमध्ये खरेदीदाराचं नाव आणि खात्याचा ईमेलही दिसतो. कुलूप नसलं तरी हा शिक्का फाइलच्या आत असतो. त्यामुळे व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेलं गाणं कोणाच्या खात्यातलं, हे कोणालाही वाचता येतं.

आता घरातली वाटणी. फोनवर सेटिंग्ज, वर आपलं नाव, मग 'फॅमिली'. कुटुंबात प्रमुख धरून जास्तीत जास्त सहा जण. 'पर्चेस शेअरिंग' चालू करायचं. त्यानंतर मुलीने मॅकवर म्युझिक ॲपच्या 'अकाउंट' मेनूत 'फॅमिली पर्चेसेस' उघडून वडिलांचं नाव निवडायचं आणि ढगाच्या चिन्हावर दाबून गाणी उतरवायची. आयफोनवर हेच काम आयट्यून्स स्टोअर ॲपमधून होतं: 'मोर', मग 'पर्चेस्ड', मग नाव. फोनच्या म्युझिक ॲपमध्ये शोधत बसू नका.

दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. वाटणी चालू केली की घरातल्या सगळ्यांची खरेदी प्रमुखाच्या कार्डावर पडते. लहान मुलांसाठी 'आस्क टू बाय' (खरेदीआधी मोठ्यांची परवानगी) लगेच चालू करा. आणि कोणी एखादी खरेदी 'लपवली' असेल तर ती इतरांना दिसत नाही. अर्धाच अल्बम दिसला तर आधी तिथे बघा.

सासूबाईंची अडचण अशी, की खरेदी वाटून घ्यायची तर कुटुंबातल्या सगळ्यांची खाती एकाच देशाच्या स्टोअरची लागतात. त्यांचं खातं भारताचं, तुमचं अमेरिकेचं. इथून तिथे गाणं भेट म्हणून पाठवायचं तरी तोच नियम आड येतो. यावर लोक त्यांच्या खात्याचा देश बदलून बघतात. तसं मुळीच करू नका. खात्यातली शिल्लक आधी संपवावी लागते, चालू वर्गण्या संपायची वाट बघावी लागते, अमेरिकेतला पत्ता आणि कार्ड लागतं, आणि एवढं करून त्यांनी तिथे घेतलेली काही गाणी पुन्हा उतरवता येत नाहीत. त्यांना हवी ती गाणी त्यांच्याच खात्यातून तिथे विकत घ्यावीत, नाहीतर सरळ सीडी न्यावी. सीडी ही वस्तू आहे. ती कोणालाही देता येते.

श्रीरंग

प्रेषक: मीनल

श्रीरंगदादांच्या मेलला थोडी जोड.

कुलूपबंद फायलींसाठी आयट्यून्स मॅच (आपली गाणी स्टोअरमधल्या गाण्यांशी जुळवून देणारी ॲपलची सेवा), वर्षाला २४.९९ डॉलर, एकच वर्ष घेतलं तरी पुरतं. आधी मूळ फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. यादीत 'क्लाउड स्टेटस' हा रकाना लावा. गाणं 'मॅच्ड' दिसलं की संगणकावरची फाइल काढा आणि ढगातून, म्हणजे ॲपलच्या सर्व्हरवरून, परत उतरवा. २५६ ची, कुलूप नसलेली येते. मराठीत अडतं ते इथे: कंपनीने अल्बम स्टोअरवरून काढून घेतला असेल, तर तो पुन्हा उतरवायला मिळेलच असं नाही. म्हणून 'ढगात आहे की' या भरवशावर राहू नये. भारतात फ्लिपकार्टचं फ्लाइट हे एमपीथ्रीचं दुकान २०१२ मध्ये उघडलं आणि २०१३ मध्ये बंद झालं. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद पडलं, आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर लोकांची तिथली गाणी पुसली गेली. मुदतीत उतरवून घेतलं त्यांचं राहिलं.

जागा फार लागत नाही. २५६ केबीपीएसला मिनिटाला साधारण २ एमबी. पाच मिनिटांचं भावगीत १० एमबी, अर्ध्या तासाचा ख्याल ६० च्या आत, हजार भावगीतं १० जीबी. दोन पेनड्राइव्ह घ्या आणि एक घराबाहेर ठेवा.

ॲमेझॉनवाल्यांसाठी: त्यांच्या घरगुती वाटणीत पुस्तकं, ऑडिओबुकं आणि ॲप येतात, विकत घेतलेली गाणी येत नाहीत. ज्याने घेतलं त्याच्याच खात्यातून एमपीथ्री उतरवावी लागते. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर फ्लॅकही (दर्जा न घटवता साठवलेली फाइल) मिळतं. निवड असेल तेव्हा मी तिथूनच घ्या असं सांगेन.

मीनल

प्रेषक: नंदिता

कायद्याच्या बाजूने लिहिते.

अमेरिकेत पुस्तक किंवा सीडी विकत घेतली की ती विकायचा, द्यायचा हक्क ग्राहकाकडे येतो. फायलीचं तसं होत नाही. रीडिजी नावाची कंपनी लोकांची आयट्यून्सची गाणी 'सेकंडहँड' विकत होती. विकणाऱ्याच्या संगणकावरून फाइल तुकड्यातुकड्यांनी हलवायची आणि जाईल तसा तिथला तुकडा पुसायचा, अशी तिची रचना होती. कॅपिटॉल रेकॉर्ड्स या संगीत कंपनीने दावा लावला. १२ डिसेंबर २०१८ रोजी सेकंड सर्किट या अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितलं, की मूळ पुसलं तरी सर्व्हरवर नवी नक्कल तयार झालीच, आणि नक्कल करायचा हक्क विकत घेणाऱ्याला मिळालेला नाही.

त्याच निकालात एक गोष्ट आहे जी घरोघरी उपयोगाची आहे. पन्नास-शंभर गाणी स्वस्त पेनड्राइव्हवर ठेवून तो पेनड्राइव्हच विकता येईल, असं न्यायालयाने उदाहरणादाखल म्हटलं आहे. म्हणजे फाइल पाठवण्यापेक्षा ती जिच्यावर आहे ती वस्तू देणं कायद्याला जास्त धरून आहे. म्हणून म्युझिक ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'फाइल्स'खाली मीडिया फोल्डर बाहेरच्या डिस्कवर लावा आणि *मग* गाणी उतरवा, म्हणजे फाइल थेट त्या डिस्कवरच येईल. दुकानाच्या करारातली 'वैयक्तिक वापर' ही अट वेगळी, ती राहतेच.

कॅनडातल्या मंडळींना कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने स्वतःच्या प्रतीची खासगी वापरासाठी नक्कल करता येते. पण मूळ प्रत दुसऱ्याला द्यायची तर आधी सगळ्या नकला नष्ट करायच्या. ब्रिटनमध्ये अशी सूट ऑक्टोबर २०१४ मध्ये आली आणि जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. लंडनच्या नातेवाइकांना अमेरिकेतला सल्ला जसाच्या तसा देऊ नये.

खातेदार गेल्यावर काय, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' दिला आहे. आपण नेमलेल्या माणसाला मृत्यूचा दाखला आणि ॲक्सेस की दाखवून तीन वर्षं फोटो, नोट्स, आयक्लाउड ड्राइव्हमधल्या फायली मिळतात. विकत घेतलेली गाणी, चित्रपट, पुस्तकं मात्र त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. मृत्युपत्रात 'माझा आयट्यून्स संग्रह मुलीला' असं लिहून काही साधत नाही. 'गाण्यांची डिस्क मुलीला' असं लिहा, आणि डिस्क कुठे आहे तेही लिहा.

नंदिता

प्रेषक: स्मिता

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं: यातली गाणी गणपतीत हॉलमध्ये लावली तर?

प्रेषक: नंदिता

स्मिता, तो वैयक्तिक वापर नाही, मग गाणं कोणाच्याही खात्यातलं असो. हॉलकडे ॲस्कॅप, बीएमआय आणि सेसॅक (गाणी जाहीरपणे वाजवायचे परवाने देणाऱ्या संस्था) यांचे परवाने आहेत का, हे बुकिंग करतानाच लेखी विचार. हॉलच्या परवान्यात भाडेकरूंचे कार्यक्रम धरले नसतील, तर मंडळाला स्वतः घ्यावा लागेल. अर्जात हॉलमध्ये किती माणसं आणि तिकीट आहे की नाही ते भरावं लागतं. खजिनदारांकडून दोन्ही आत्ताच मागून ठेव.