जॅक२ उत्परिवर्तन: संप्रेरक कमी असूनही रक्तपेशी का वाढतात?

अवनी_क

सांगलीस राहणारे माझे मामा, वय ५२, यांना नुकतेच पॉलिसायथेमिया व्हेराचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी गरजेपेक्षा जास्त बनण्याच्या आजाराचे, निदान झाले. हिमोग्लोबिन १९ च्या पुढे गेले होते, तांबड्या पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची पातळी मात्र नेहमीपेक्षा कमी आली, आणि जनुक-तपासणीत ‘जॅक२ व्ही६१७एफ’ हे उत्परिवर्तन सापडले. डॉक्टरांनी हा नळ उघडाच राहिल्याचा प्रकार असल्याचे सांगितले आणि आजार रक्ताच्या कर्करोगांच्या गटातला, परंतु संथ गतीचा आहे, असेही म्हटले. मामांना यापूर्वी कधी रक्ताची गुठळी झालेली नाही.

तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरकच कमी असेल, तर त्या वाढतात कशा? शिवाय क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिबच्या गोळीने दोषी पेशी जवळपास नाहीशा होतात असे वाचले. मग जॅक२ रोखणारे औषध बाजारात असताना मामांना केवळ ॲस्पिरिन देऊन अधूनमधून रक्त का काढतात?

सूक्ष्मदर्शी

मूत्रपिंडातून आलेले एरिथ्रोपोएटिन अस्थिमज्जेतील कोवळ्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटते. या रिसेप्टरला स्वतःची एन्झाइम-क्रिया नसते; त्याच्या आतल्या टोकाला जॅक२ हे प्रथिन बांधलेले असते. संप्रेरक बसले की दोन जॅक२ रेणू योग्य रीतीने समोरासमोर येतात, एकमेकांवर आणि मग रिसेप्टरवर फॉस्फेट चढवतात, तेथे स्टॅट५ हे प्रथिन येऊन स्वतः फॉस्फेटयुक्त होते आणि केंद्रकात जाऊन पेशीला जगवणारी व वाढवणारी जनुके चालू करते. जॅक२ मध्ये कायनेजसारखे (फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमसारखे) दिसणारे दोन भाग असतात. एक खरे काम करतो, दुसरा त्याला आवरून धरतो. या आवरणाऱ्या भागात ६१७ व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलॲलॅनिन आले की आवर सुटतो आणि संप्रेरकावाचून संदेश सुरू राहतो. तांबड्या पेशी मुबलक झाल्याने मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन कमी करते. म्हणजे अहवालातील कमी पातळी हा आजाराचाच परिणाम आहे आणि निदानात ती उपयोगी पडते. अशा रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेत बाहेरून एरिथ्रोपोएटिन न घालताही वसाहती करतात, हे १९७४ मध्येच दिसले होते. कारण सापडायला २००५ उजाडले, आणि त्या वर्षी पॅरिस, बाझेल, केंब्रिज व बॉस्टन येथील गटांनी ते जवळपास एकाच वेळी जाहीर केले.

नळाची उपमा मला मात्र अपुरी वाटते. बिघडलेल्या जॅक२ ला संप्रेरक लागत नसले तरी टेकण्यासाठी रिसेप्टर लागतोच. म्हणूनच एरिथ्रोपोएटिन, थ्रॉम्बोपोएटिन आणि जी-सीएसएफ यांचे रिसेप्टर असलेल्या पेशींवर, म्हणजे तांबड्या पेशी, बिंबाणू (प्लेटलेट) आणि ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशी यांच्यावर, या दोषाचा मुख्य भार पडतो. या पेशी संख्येने वाढतात, पण परिपक्वही होतात. तीव्र ल्युकेमियात पक्व होण्याची प्रक्रियाच खोळंबते, तसे येथे नसते, आणि आजार संथ असण्यामागे ही मोठी बाब आहे.

गुणसूत्र_२२

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. फिलाडेल्फियात १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड यांना मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले, आणि १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ते ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून बनते हे दाखवले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे सतत कार्यरत राहणारे जोडप्रथिन तयार होते. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब निरोगी पेशींतील एबीएल हे मूळ प्रथिनही रोखते. परंतु प्रौढांची रक्तनिर्मिती त्यावाचून बऱ्यापैकी चालते, तर ल्युकेमियाची पेशी बीसीआर-एबीएलवरच जगत असते.

जॅक२ च्या बाबतीत ही सवलत नाही. निरोगी रक्तनिर्मितीलाही जॅक२ अत्यावश्यक असते. जॅक२ रोखणारे रक्सोलिटिनिब हे औषध या प्रथिनाच्या काम करणाऱ्या भागातील एटीपीच्या (फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूच्या) जागी बसते आणि उत्परिवर्तन तर आवरणाऱ्या भागात असते, त्यामुळे औषधाला दोषी व निरोगी रेणूंतला फरक ओळखता येत नाही. मात्रा वाढवली की रक्तक्षय होतो आणि बिंबाणू घटतात. प्लीहेची सूज उतरते, अंगाची खाज व रात्रीचा घाम कमी होतो, पण दोषी पेशींचा वाटा सहसा हळूहळूच घटतो.

इमॅटिनिबबाबत आपण वापरलेला ‘जवळपास’ हा शब्द अचूक आहे. फ्रान्समधील एका अभ्यासात किमान दोन वर्षे बीसीआर-एबीएल तपासणीत सापडेनासे झालेल्या रुग्णांनी इमॅटिनिब थांबवले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत ते परत दिसू लागले, आणि तेही बहुतेकांत सहा महिन्यांच्या आत.

अवनी_क

दोघांचेही आभार. परंतु रक्त काढल्याने संदेश थांबणार नसेल, तर त्याचा उपयोग काय? मामांना थकवा असतो म्हणून मामी लोहाचे टॉनिक सुरू करण्याचा विचार करत आहेत.

सूक्ष्मदर्शी

टॉनिक डॉक्टरांना विचारल्यावाचून कृपया सुरू करू नये. रक्त काढल्याने शरीरातील लोह कमी होते आणि त्याअभावी संदेश चालू असूनही तांबड्या पेशी तितक्या बनू शकत नाहीत. ही कमतरता बऱ्याच अंशी उपचाराचाच भाग आहे. लगेचचा धोका मेंदू, हृदय वा यकृताच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) ४५ टक्क्यांखाली ठेवलेल्या गटाच्या तुलनेत ते ४५ ते ५० टक्क्यांदरम्यान असलेल्या गटात गंभीर गुठळ्या आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू मिळून सुमारे चौपट आढळले. साठीच्या आतील, पूर्वी गुठळी न झालेल्या रुग्णाला कमी जोखमीचा मानतात. त्यामुळे मामांचे उपचार मला रूढ पद्धतीला धरूनच दिसतात. वय वाढल्यावर किंवा गुठळी झाल्यास हायड्रॉक्सियुरियासारखे, पेशींची निर्मिती कमी करणारे औषध जोडले जाते.

गुणसूत्र_२२

एक पुरवणी. दोषी पेशींचा वाटा खरोखर घटवू शकणारे औषध म्हणजे इंटरफेरॉन. त्याच्या रोपेगइंटरफेरॉन या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकारास युरोपात २०१९ मध्ये आणि अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. अहवालात उत्परिवर्तित जनुकाचे टक्के दिलेले असल्यास तो आकडा जपून ठेवावा, कारण पुढील अहवालाशी तुलना त्याच्याशीच करता येईल. हा आजार पुढे तीव्र ल्युकेमियात बदलला, जे थोड्याच रुग्णांत घडते, तर त्यामागे टीपी५३ सारख्या जनुकांतील आणखी बिघाड असतात. आणि अशा काही रुग्णांच्या ल्युकेमिया-पेशींत जॅक२ चे उत्परिवर्तन मुळी सापडतच नाही.