भांडण दोन आजींचं, धडे सिस्टरला?

माशेलकरीण:
माझी मावशी, वय ८१, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात असते. जूनमध्ये पंख्यावरून वाद झाला. हिला वारा हवा, शेजारच्या खाटेवरच्या आजींना थंडी वाजते. आजींनी स्टीलचा पेला फेकून मारला. सिस्टरने कपाळाला मलम लावलं नि विषय मिटवला. घरी फोन नाही, वहीत ओळ नाही. चार दिवसांनी खूण बघून मी विचारलं, तर उत्तर आलं, "अशें जाताच, बाय." (असं होतंच, बाई.)

होतंच ना, पण म्हणून सोडून द्यायचं? न्यूयॉर्कमधल्या १० नर्सिंग होम्समध्ये रहिवाशांकडूनच एकमेकांचा होणारा छळ, यावरचा अभ्यास २०१६ साली छापून आला. चार आठवड्यांत साधारण पाचातला एक रहिवासी अशा कुठल्या ना कुठल्या प्रसंगात सापडला होता. शिवीगाळ सर्वांत जास्त, पण मारहाण आणि दुसऱ्याच्या खोलीत घुसणंही होतं. न्यूयॉर्कमध्येच दुसऱ्या एका अभ्यासात कर्मचाऱ्यांना यासाठी वेगळं शिकवून पाहिलं, तेव्हा त्यांना असे प्रसंग जास्त ओळखता आले नि त्यांनी ते नोंदवलेही जास्त. आपल्याकडे हे शिक्षण सक्तीचं हवं, असं माझं मत.

पेडणेकर_भाचा:
म्हणजे शिकवून काय वाढलं, तर नोंदी! माझे मामा होते तिथे रात्री ३० जणांमागे एक सिस्टर, एक आया. एकाचं डायपर बदलेपर्यंत दुसरा उठून चालायला लागतो. तिला वर्गात बसवून काय करणार? आधी माणसं नेमा. घरची पोरं नोकरीला बोटीवर नि लंडनला, आणि दोष सिस्टरचा.

माशेलकरीण:
दोष देत नाहीये हो. तिला कुणी काही शिकवलंच नाही, एवढंच म्हणते.

नाईट_ड्युटी:
११ वर्षं हेच काम करते, म्हणून बोलते. भाचेबुवा, माणसं कमी आहेत हे शंभर टक्के खरं. पण नोंदीला हसू नका. आमच्याकडे एक आजोबा रोज कुणाला तरी ढकलायचे. सगळे म्हणायचे स्वभावच तापट. मी आपली वहीत वेळ लिहीत गेले. दर वेळी संध्याकाळी सहाच्या आसपास, टीव्हीच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवरून. डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) दिवस कलला की काहींची घालमेल वाढते, त्यात टीव्हीचा आवाज नि गर्दी. त्यांना साडेपाचलाच व्हरांड्यात चहा द्यायला लागलो. ढकलणं पूर्ण थांबलं नाही, पण आठवड्यातून एकदोनदावर आलं. जादा माणूस लागला नाही.

दुसऱ्या एक आजी दोन दिवसांत एकदम चावऱ्या झाल्या. लघवी तपासली तर इन्फेक्शन. हे कुणी शिकवलं नसतं तर त्यांना शांत करायला अँटिसायकोटिक (मनोविकारावरची, गुंगी आणणारी) गोळी गेली असती. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांत त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा नि मृत्यूचा धोका वाढतो.

डिचोलीचा_मास्तर:
मला 'छळ' या शब्दाचीच अडचण वाटते. जिला स्वतःचं नाव आठवत नाही तिने पेला फेकला, तर ती छळणारी? उद्या तुमच्या नोंदीवरूनच तिला आश्रमातून काढतील. मग कुठे जाणार ती?

माशेलकरीण:
मास्तर, शब्द बदला हवा तर. पण माझ्या मावशीच्या कपाळाला टाके पडले असते तर ते शब्दाने भरले नसते.

नाईट_ड्युटी:
मास्तरांची भीती खोटी नाही. "त्रासदायक, घेऊन जा" असं घरच्यांना सांगितलेलं मी ऐकलंय. म्हणून वहीत 'कोणी मारलं' याआधी 'त्याआधी काय चाललं होतं' हा रकाना हवा.

पेडणेकर_भाचा:
रकाना भरणार कोण? रात्रीची तीच एकटी ना?

नाईट_ड्युटी:
तीच. दोन ओळी लिहायला दोन मिनिटं. खोटं बोलत नाही, कधी कधी तीही नसतात.

माशेलकरीण:
काल जाऊन आले. मावशीची खाट पंख्याखाली नि त्या आजींची भिंतीकडे, एवढं करून मागितलं. मॅनेजर म्हणाले, बघतो. दोघी शेजारी बसून पेज जेवत होत्या.