आऊटपुट व्हॉल्व्हचा बायस: ७० टक्क्यांवर ठेवावा की त्याखाली?

ग्रँटरोडकर
व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचं निगेटिव्ह व्होल्टेज म्हणजे बायस; सिग्नल नसताना किती करंट वाहतो ते त्यावर ठरतं. फिक्स्ड बायसचा (हे व्होल्टेज वेगळ्या सप्लायमधून देणारा) पुश-पुल (व्हॉल्व्ह जोडीने आळीपाळीने चालवणारा) ॲम्प दिसला की "७० टक्क्यांवर लावा" असं सरसकट सांगितलं जातं, म्हणजे सिग्नल नसताना प्लेटवर कमाल मर्यादेच्या ७० टक्के वॅट. माझ्या मते ७० ही वरची मर्यादा आहे, तिथे पोचायलाच हवं असं नाही.

ईएल-३४ या आऊटपुट व्हॉल्व्हचं कमाल प्लेट डिसिपेशन (प्लेट सोसू शकते ती उष्णता) २५ वॅट. प्लेट ते कॅथोड ४६० व्होल्ट असतील तर ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट, साधारण ३८ मिलिॲम्प. हे मोजलं सॉकेटवर २३० व्होल्ट असताना. कार्यक्रमाच्या हॉलमध्ये २४५ मिळाले तर? "बायसही त्याच प्रमाणात चढतो, काळजी नाही" हा गैरसमज आहे. सगळे व्होल्टेज एकत्र वाढले की करंट दीड घाताने वाढतो आणि वॅट अडीच घाताने. १७.५चे २०.५ होतात. ६० टक्क्यांवर, म्हणजे ३३ मिलिॲम्पच्या आसपास लावलं, तर २४५ला बरोबर ७० होतात. मुंबईत मी ६०च सुचवेन.

दादरचा_टोन
हिशेब बरोबर, निष्कर्ष पटत नाही. २०.५ म्हणजे अजून २५च्या आत. ३० टक्के राखलेत ते यासाठीच. शिवाय क्लास एबीमध्ये (जोरात वाजवताना जोडीतला एकेक व्हॉल्व्ह काही काळ बंद होतो तो प्रकार) खरा ताण जोरात वाजवताना येतो, आणि तेव्हा आधी स्क्रीन (ग्रिड आणि प्लेटमधली दुसरी जाळी) तापते. व्हॉल्व्ह वारंवार जात असतील तर स्क्रीन रेझिस्टर बघा. ४७० ओहम असेल तर १ के (१००० ओहम), ५ वॅट टाका. बायस थंड करून, म्हणजे करंट कमी करून, तो रोग बरा होत नाही.

थंड बायसचा तोटा हळू वाजवताना कळतो. सूर विरत जातो तसा क्रॉसओव्हरचा (सिग्नल एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे जातानाचा) खरखरीतपणा वर येतो. निगेटिव्ह फीडबॅक (आऊटपुटचा थोडा भाग उलटा परत देणं) नसलेल्या ॲम्पमध्ये तो झाकायला काहीच नसतं.

ग्रँटरोडकर
स्क्रीन रेझिस्टरचं मान्य. पण ३३ मिलिॲम्पला ईएल-३४ थंड नसतो. बरेच जण स्कोपवर (लहर दाखवणाऱ्या उपकरणावर) क्लिपिंगच्या (लहरीचे माथे कापले जाण्याच्या) पुढे सिग्नल नेतात आणि लहरीच्या मधोमध खाच दिसली की बायस, म्हणजे करंट, वाढवत सुटतात. क्लिपिंगनंतर ग्रिड करंटमुळे कपलिंग कपॅसिटर चार्ज होऊन ग्रिड आणखी निगेटिव्ह जाते, म्हणून ती खाच दिसते. बायस वाढवून ती घालवू गेलात तर प्लेट लाल होईल. ८ ओहम डमी लोड (स्पीकरऐवजी रेझिस्टर) लावून क्लिपिंगच्या जरा खालीच बघा.

आणि करंट मोजायला कॅथोडला लावलेल्या १ ओहम रेझिस्टरवरचं रीडिंग कॅथोडचं असतं, त्यात स्क्रीन करंटही येतो. ईएल-३४ला ४३ मिलिव्होल्ट दिसले तर प्लेटचे ३८च्या आसपास धरा. ट्रिमर (बायस बदलायचा छोटा रेझिस्टर) फिरवला की प्लेट व्होल्टेज हलतं, तेव्हा १५ मिनिटं गरम होऊ द्या, दोन्ही आकडे पुन्हा मोजा. स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय चालू करू नका.

बेसवाला_लालबाग
बेस गिटारच्या ॲम्पला ६०च, त्यात दुमत नको. लांब, जोरदार खालचे सूर व्हॉल्व्हला उसंत देत नाहीत, आणि बेसला हवी असते ती मोकळी ताकद.

पण टक्क्यांपेक्षा मला ग्रिड लीकची (ग्रिडला बायस पोचवणाऱ्या रेझिस्टरची) जास्त धास्ती. ६५५० या मोठ्या व्हॉल्व्हला फिक्स्ड बायसमध्ये ५० के हीच डेटाशीटची मर्यादा. ईएल-३४साठीच्या २२० केवर ६५५० बसवले की तापल्यावर थोडा ग्रिड करंट येतो, बायस सरकतो, व्हॉल्व्ह आणखी तापतो. मग तुमचे ६० आणि ७० दोन्ही कागदावरच. ६५५०ला निगेटिव्ह व्होल्टेजही जास्त लागतं, ट्रिमर तिथवर जातो का ते आधी तपासा.

दुसरं, इथल्या दमट हवेत ट्रिमरचा वायपर (सरकता संपर्क) गंजतो. तो सुटला तर बायस सर्वात निगेटिव्ह बाजूला जाईल अशीच जोडणी हवी. आवाज बिघडेल, पण ट्रान्सफॉर्मर वाचेल.

दादरचा_टोन
ट्रिमरबद्दल शंभर टक्के सहमत. बेसचंही मान्य. फीडबॅक नसलेल्या गिटार ॲम्पला मात्र मी ७०च सांगेन, फक्त तिथल्या सॉकेटचे व्होल्ट मोजून. आणि हा वाद कॅथोड बायसला (कॅथोडच्या रेझिस्टरवर आपोआप तयार होणाऱ्या बायसला) लावू नका. तिथे करंट वाढला की रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढून तो स्वतःच आवरला जातो, त्यामुळे ९० टक्क्यांवरही ईएल-८४ व्हॉल्व्ह नीट चालतात.