मदत हवी आहे : अतिवृष्टीच्या अनुभवाला जोडून वाचता येईल असे जुने साहित्य

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परभणी जिल्ह्यातील आमच्या गावाची सोयाबीन पाण्यात गेली आणि झाडावरच्या शेंगांना कोंब फुटले. तेव्हापासून मारुतीच्या पारावर आम्ही दहा-बारा जण दर शनिवारी वाचायला बसतो. सुरुवात तुकोबांच्या अभंगांनी केली. दुष्काळाने धन आणि मान नेला, एक पत्नी अन्न अन्न करीत गेली, असे ज्यांनी स्वतःच लिहून ठेवले, त्यांचे शब्द ऐकताना, दोन वर्षांचे पीककर्ज थकलेले आमचे एक काका बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुन्हा वाच बाबा." पुढे महात्मा फुले यांचा १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' घेतला. सावकार आणि कचेरी यांच्यात अडकलेला शेतकरी तरुणांना लगेच ओळखीचा वाटला.

अडचण अशी की, हाती लागते ते बहुतेक दुष्काळाचे; अतिपावसाने आणि पुराने उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्याचे जुने मराठी लेखन मला सापडत नाही. ओवी, भारूड, लोकगीत किंवा कथा, काहीही चालेल. गोदाकाठच्या जात्यावरच्या ओव्या कोणाच्या आजीला पाठ असतील, तर त्या उतरवून पाठवाल का?